गिअरचा दांडा सैल पडला, गिअरबॉक्स उतरवावा का?

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, नवी अडचण

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी आम्ही हौसेने सांभाळली असून यंदाच तिच्या नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले आहे. आमचे घर पंचगंगेच्या पूररेषेत येत असल्याने २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ती दोन दिवस पाण्यात उभी होती. त्यानंतर इंजिन, वायरिंग आणि सीट यांची कामे करून घेतली आणि तेव्हापासून तिने कधी दगा दिला नाही. गेल्या सहा महिन्यांत मात्र गिअरचा दांडा खडखडू लागला होता आणि रिव्हर्स टाकताना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागत होता. मागच्या रविवारी आईला घेऊन पन्हाळ्याहून परतताना वाघबीळच्या उतारावर तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायला गेलो, तो दांडा एकदम ढिला पडला आणि ताकातल्या रवीसारखा चहूकडे फिरू लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहिली. क्लच दाबून ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि पुढची चाके उचलून कोल्हापुरात आणली. गॅरेजमध्ये गाडीखाली न पाहताच ‘आत काहीतरी तुटले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगण्यात आले. सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. एवढा खर्च करावा, की गाडी मोडीत काढावी?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण गाडी मोडीत काढू नये आणि गिअरबॉक्सलाही अद्याप हात लावू देऊ नये. आपल्या पत्रातच तीन खुणा अशा आहेत, की ज्यांवरून बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेर असण्याची शक्यता फार मोठी दिसते. पहिली खूण अशी की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर राहिली. गिअर सरकवणारा आतला फोर्क किंवा दातेचक्र तुटले असते, तर गिअर सुटला असता किंवा कर्कश आवाज आला असता, आणि तसा कोणताही उल्लेख आपण केलेला नाही. दुसरी खूण, दांड्याला कोणताच अटकाव उरलेला नाही. दांडा गिअरबॉक्सशी जोडलेला असतो तोवर आतल्या स्प्रिंगांचा दाब हाताला जाणवत राहतो, आणि तो जाणवेनासा झाला याचा अर्थ मधला सांधा सुटला. तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सहा महिन्यांची खडखड आणि रिव्हर्सचा त्रास. गिअरबॉक्सच्या आतला भाग सहसा असा वर्दी देऊन, दांडा खडखडवून जात नाही. बुश, म्हणजे सांध्यातल्या पिनेभोवती बसणारे मऊ नळकांडे, मात्र तसाच जातो.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे बसवलेले आहेत आणि आपण हातात धरतो तो दांडा दोन सीटांच्या मध्ये आहे. त्या दोघांना जोडणारा एक लांब रॉड गाडीच्या तळाखालून, सायलेन्सरच्या नळीच्या शेजारून जातो. दांडा पुढे-मागे केला की रॉड पुढे-मागे सरकतो, दांडा डावी-उजवीकडे नेला की तोच रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो, आणि या दोन हालचालींच्या मेळातून गिअर निवडला जातो. या रॉडच्या सोबतीला दुसरा एक रॉड असतो, जो गिअरबॉक्स आणि दांड्याची बैठक यांच्यातील अंतर कायम राखतो. इंजिन रबरी माउंटिंगवर सतत हलत असते, आणि त्या हलण्याने गिअर ओढला जाऊ नये यासाठी हा दुसरा रॉड आहे. सांध्यांत बुश, पिना आणि बोल्ट असतात. एकाच रॉडला दोन्ही कामे करावी लागत असल्याने प्रत्येक सांध्यातला थोडा थोडा ढिलेपणा एकात एक मिळत जातो आणि दांड्याच्या मुठीपर्यंत येईतो तो चांगला इंचभर होतो. रिव्हर्सची जागा दांड्याच्या हालचालीच्या अगदी टोकाला असल्यामुळे हा ढिलेपणा सर्वांत आधी तिथे जाणवतो. मधले गिअर पडत राहतात, म्हणून आपण दुर्लक्ष करतो.

महापुराचा उल्लेख आपण सहज केला असला, तरी मला तो मुळाशी आहे असे वाटते. पुराचे पाणी ओसरल्यावर सर्वांचे लक्ष इंजिनाकडे आणि गाडीच्या आतल्या भागाकडे जाते, तळाखालच्या सांध्यांकडे कोणी पाहत नाही. पंचगंगेचा तो बारीक, चिकट गाळ रबरी टोपणाच्या आत शिरतो, ग्रीस धुऊन निघते, आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक गिअरबरोबर तो गाळ पॉलिश पेपरासारखा बुश घासत राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी पाहिलेल्या गाड्यांचे असे सांधे मी खोलून पाहिले आहेत. बुशाचे गोल भोक अंड्यासारखे लांबट झालेले असते, काठाला नख लावले तर जुन्या साबणाच्या वडीसारखे कपटे निघतात, आणि पिनेच्या एकाच बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची झिजेची चकचकीत खूण उमटलेली असते. अशी पिन जुन्या बुशातून एक दिवस घसरून बाहेर येते किंवा तिचा गंजलेला बोल्ट तुटतो. आपल्या बाबतीत वाघबीळच्या उतारावर नेमके हेच झाले असावे.

खात्री करण्यासाठी दोन माणसे आणि अर्धा तास पुरे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. आपल्याकडे गाडी गिअरमध्ये टाकून निर्धास्त होण्याची सवय आहे. पण दांडाच सुटलेला असताना त्या सवयीवर विसंबता येत नाही. पुढचा भाग जॅकने उचलल्यावर दोन्ही बाजूंना भक्कम लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली माणसे दगावलेली आहेत, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक उत्तरात लिहितो आणि पुढेही लिहीन. सायलेन्सर थंड झालेला असावा.

आता एकाने आत बसून दांडा सावकाश पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे हलवावा. दुसऱ्याने खाली बॅटरीच्या उजेडात आधी दांड्याचे खालचे टोक, मग रॉडची मागची बाजू, मग पुढची बाजू आणि शेवटी गिअरबॉक्समधून बाहेर येणारा छोटा दांडा पाहावा. हालचाल ज्या सांध्याशी हरवते, त्याच सांध्यात बिघाड आहे. दांड्याचे टोक हलते पण रॉड हलत नाही, तर मागचा सांधा गेला. रॉड हलतो पण गिअरबॉक्सचा दांडा जागचा हलत नाही, तर पुढचा सांधा किंवा त्याचा बोल्ट गेला. दांड्याचे खालचे टोकच हलत नसेल, तर दांडा बैठकीत तुटला आहे किंवा त्याचा गोळा निखळला आहे, आणि ते काम तर वरून, रबरी टोपण काढूनच होते. गिअरबॉक्सचा छोटा दांडा व्यवस्थित आत-बाहेर होतो, फिरतो आणि तरीही गिअर पडत नाही, असे आढळले तरच गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा करावी. ही पाहणी आपल्या समोर करण्यास जो मिस्त्री तयार होणार नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

सुट्या भागांची चिंता नको. १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे बुश, पिना आणि रॉड आजही सहज मिळतात आणि बुशांच्या पूर्ण संचाला टाकी भरण्याइतकाही खर्च येत नाही. फक्त दुकानदाराला वर्ष सांगावे आणि गिअरबॉक्स चार गिअरचा आहे की पाच गिअरचा हे सांगावे, कारण दोन्ही प्रकार या गाडीत आलेले आहेत. जुना भाग सोबत नेऊन शेजारी ठेवून पाहिला तर फेरी वाचते.

कोल्हापुरात एक मोह होतो आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आणि हात इतके तयार आहेत, की जुना बुश दाखवला तर तासाभरात पितळेचा नवा बुश हातात मिळतो, आणि ‘हा आता जन्मभर जाणार नाही’ असेही सांगितले जाते. त्या कारागिरीविषयी मला मनापासून आदर आहे, पण या जागी पितळ बसवू नये. मूळ बुश मऊ ठेवलेला आहे तो मुद्दाम. इंजिनाची थरथर त्याने गिळावी आणि झिजायचेच झाले तर स्वस्तातला बुश झिजावा, महागातली पिन झिजू नये, असा त्यामागचा विचार आहे. पितळेचा बुश बसवला की दांडा मुठीत गुणगुणू लागतो आणि सांध्यात गाळ शिरलाच तर त्याचे कण पितळेत रुतून पिन कापत जातात. बाजारात बुश मिळाला नाही, किंवा पिनेच्या झिजेमुळे थोडे वेगळे माप हवे असेल, तर टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, डेलरिन या टणक प्लॅस्टिकचा बुश करून घ्यावा. साधे नायलॉनही चालते, परंतु नायलॉन ओलावा शोषून थोडे फुगते आणि आपल्या पावसाळ्यात सांधा जड होऊ शकतो. डेलरिनमध्ये हा त्रास फारच कमी आहे. माप व्हर्नियरने पिनेच्या न झिजलेल्या भागावर घ्यावे आणि पिन बोटाच्या दाबाने आत जाईल, पण आत गेल्यावर डुगडुगणार नाही, इतकीच जागा ठेवावी. पिनेवर ती चंद्रकोर नखाला लागण्याइतकी खोल असेल तर पिनही बदलावी, नाहीतर नवा बुश वर्षभरात पुन्हा तसाच होईल.

बुश बसवताना एकच सांधा बदलून थांबू नये. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, आणि खोलण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. ते निघत नाहीत म्हणून गॅसची ज्योत लावण्याचा प्रयत्न मात्र कोणालाही करू देऊ नये, कारण पेट्रोलची नळी त्याच तळाखालून गेलेली आहे. नट आणि स्प्रिंग वॉशर नवे घालावेत, आणि जिथे स्प्लिट पिन आहे तिथे जुनी सरळ करून पुन्हा न वापरता नवी घालावी. प्लॅस्टिकच्या बुशांना लिथियम ग्रीस चालते, पण रबरी भागांना साधे ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगून मऊ पडते. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरावे. फाटलेले रबरी टोपण तसेच ठेवून केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकते, तेव्हा ते आधी बदलावे.

गाडीखाली गेलाच आहात तर इंजिनाचे रबरी माउंटिंगही पाहून घ्यावेत. माउंटिंग तुटले असेल तर इंजिन उचल खाते, त्याबरोबर रॉड ओढला जातो आणि चढावर गिअर आपोआप सुटतो. अनेक जण याच लक्षणाला गिअरबॉक्सचा बिघाड समजतात.

हे सर्व झाल्यावर इंजिन बंद असताना प्रत्येक गिअर टाकून पाहावा, मग चालू करून पाहावा, आणि पहिली फेरी गावातच सपाट रस्त्यावर मारावी. आईंना घेऊन पुन्हा घाट चढण्याआधी दोन दिवस अशीच चालवावी.

असा प्रसंग आडरस्त्यावर आला आणि टोइंगची सोय नसली, तर एक उपाय माहीत असलेला बरा. सांधा सुटलेला असेल आणि गाडीच्या पुढून हात सुरक्षितपणे पोहोचत असेल, तर इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, थंड झाल्यावर गिअरबॉक्सचा तो छोटा दांडा पकडीने हलवून दुसऱ्या गिअरमध्ये बसवता येतो. मग क्लच पूर्ण दाबून गाडी सुरू करावी आणि दुसऱ्या गिअरमध्येच, सपाट रस्त्याने, हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. घाटात हा प्रयोग करू नये. हात पोहोचावा म्हणून जॅकवर उचललेल्या गाडीखाली रस्त्याच्या कडेला शिरणे तर मुळीच नको.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या गिअरचा दांडा मुळाशी तुटला होता. वेल्डिंग करून घेतला, पण तीन महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटला. आता आणखी जाड वेल्डिंग करावे का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : जाड वेल्डिंगने प्रश्न सुटणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या लोखंडाचा गुण बदलतो आणि पुढची चीर तिथेच पडते, म्हणूनच आपला दांडा सांध्यावर न तुटता शेजारी तुटला. याच मॉडेलचा जुना पण सरळ दांडा सुट्या भागांच्या दुकानात मिळाला, तर तो घ्यावा. मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. मिळतच नसेल आणि वेल्डिंग करणे भागच असेल, तर दांडा गाडीतून पूर्ण काढून, त्याचा प्लॅस्टिकचा गोळा आणि बुश वेगळे करून मगच करावे. गाडीतच वेल्डिंग केल्यास प्लॅस्टिक वितळते आणि वीजप्रवाह नको त्या वाटेने जातो.

त्याआधी तुटलेले तोंड उजेडात नीट पाहावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यावर काळपट, जुना, गुळगुळीत भाग मोठा आणि ताजा, खडबडीत, चमकणारा भाग लहान दिसत असेल, तर चीर फार दिवस वाढत होती. दांडा काही एका झटक्याने तुटलेला नाही. म्हणजे रोज त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त जोर पडत होता, आणि तो का पडत होता हे शोधले नाही तर नवा दांडाही तुटेल. इंजिन बंद असताना सर्व गिअर हलक्या हाताने पडतात का ते पाहावे. तेव्हाही जड जात असतील, तर एखादा सांधा गंजून घट्ट झाला आहे. बंद असताना हलके आणि इंजिन चालू केल्यावर जड, त्यातही रिव्हर्स टाकताना घर्र असा आवाज, असे होत असेल तर दोष क्लचचा आहे. क्लच पूर्ण सुटत नसल्याने आपण दांड्यावर जोर काढत आहात. क्लच केबल आणि पॅडलची मोकळी हालचाल गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावी, आणि केबलचे तंतू टोकाशी उसवलेले दिसले तर ती लगेच बदलावी.

प्रश्न : आमच्या गाडीत रॉड नसून दोन केबली आहेत. परवापासून फक्त तिसरा आणि चौथा गिअर पडतो. पहिला, दुसरा, पाचवा आणि रिव्हर्स लागतच नाहीत. दांडा डावी-उजवीकडे नेताना अगदी मोकळा वाटतो. काय बिघडले असावे?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपण लक्षण इतके नेमके लिहिले आहे, की उत्तर त्यातच आहे. दोन केबलींपैकी एक दांड्याची पुढे-मागे होणारी हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेते आणि दुसरी डावी-उजवीकडची. ही दुसरी केबल निकामी झाली की गिअरबॉक्समधील स्प्रिंग निवडीचा भाग मधल्या जागेवर आणून ठेवते. ती जागा तिसऱ्या-चौथ्याची असते, म्हणून तेवढेच दोन गिअर पडतात. बॉनेट उघडून दोन्ही केबली गिअरबॉक्सला जिथे जोडलेल्या आहेत तिथे पाहावे. बॅटरी किंवा एअर फिल्टरची पेटी आड येत असेल तर ती बाजूला करावी लागेल. बहुतेक वेळा केबल शाबूत असते आणि तिच्या टोकाचे प्लॅस्टिकचे कडे फुटून गोळ्यावरून निसटलेले असते. ते तारेने बांधून घरापर्यंत येता येते, पण तशी गाडी रोज वापरू नये, कारण तार कधी सुटेल हे सांगता येत नाही. टोकाचे कडे वेगळे मिळाले तर तेवढेच बदलावे, अन्यथा ती केबल बदलावी. दोन्ही टोके जागेवर असतील आणि तरी हालचाल पोहोचत नसेल, तर केबल आतून तुटली आहे. नवी केबल बसवल्यानंतर दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून तिची लांबी जुळवून घेण्यास मिस्त्रींना आवर्जून सांगावे, कारण ती जुळवली नाही तर पाचवा आणि रिव्हर्स पुन्हा अर्धवटच बसतील. पहिल्या गिअरशिवाय गाडी हलवताना क्लच प्लेट जळते, तेव्हा तोवर गाडी घरीच उभी ठेवावी.